वाचकांचे प्रश्न : मारवाडी घोडा घेताना

मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार भरतो. बाजाराआधीच्या टपालात बहुतेक पत्रे मारवाडी घोड्याबद्दलच आली आहेत. सवारीसाठी घोडा घेणाऱ्यांचे प्रश्न आधी घेतले आहेत.

प्रश्न : वय ४२, वजन ७२ किलो. क्लबमध्ये थरोब्रेडवर (शर्यतीच्या जातीचा घोडा) कँटरपर्यंत (मध्यम वेगाची दौड) शिकलो आहे. शेतरस्त्यांवर आणि माळावर फिरायला स्वतःचा घोडा हवा आहे. मारवाडी घ्यावा का?

जरूर घ्या. तुम्हाला जे काम हवे आहे, त्याच कामासाठी ही जात घडली. जोधपूरच्या आसपासच्या मारवाड प्रदेशात राठोडांनी हा घोडा शतकानुशतके लढाईसाठी जोपासला. वाळू, ऊन, कमी पाणी आणि लांब पल्ला यांतून जे घोडे तगले, त्यांचीच वीण पुढे चालली. म्हणून याचे खुर लहान पण टणक असतात, पाय बारीक पण कोरडे, म्हणजे सूज-चरबी नसलेले असतात आणि अंगावर फाजील मांस नसते. रेसकोर्सवरून निवृत्त झालेल्या थरोब्रेडचे तळवे बरेचदा पातळ असतात आणि त्याला खुराकही जास्त लागतो. खडकाळ माळावर मारवाडी त्याच्यापेक्षा कितीतरी निर्धास्त चालतो. सरळ मैदानात वेगाने पळण्यात मात्र तो थरोब्रेडला गाठणार नाही. त्याच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नका.

स्वभावाने हा घोडा सावध असतो आणि माणूस पक्का लक्षात ठेवतो. रोज हाताळणाऱ्यावर तो जीव लावतो, पण घाईत किंवा रागात वागणाऱ्याला लगेच ओळखतो. क्लबच्या घोड्याला टाच जोरात मारायची सवय लागली असेल, तर इथे ती सोडावी लागेल. नुसती पोटरी टेकवली तरी चांगला मारवाडी पुढे निघतो.

खरा प्रश्न वजनाचा आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावेत. खोगीर ८ किलोचे धरले तर तुमचे ८० किलो होतात, म्हणजे घोडा किमान ४०० किलोचा हवा. वजनकाटा नसेल तर टेपने अंदाज काढता येतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. त्या आकड्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. उत्तर किलोत येते. घेर १६८ आणि लांबी १५० असेल तर घोडा सुमारे ३५६ किलोचा ठरतो आणि तो तुम्हाला कमी पडेल. घेर १७५ आणि लांबी १५५ असेल तर ४०० किलो भरतो. बाजारात ६४ इंच उंच पण फळीसारखे अरुंद घोडे पुष्कळ दिसतात. उंचीवर भाळू नका, घेर मोजा.

पहिलाच घोडा असेल तर घोडी किंवा खच्ची केलेला घोडा घ्या. आपल्याकडे नर सहसा खच्ची करत नाहीत, आणि रस्त्यात घोडी दिसली की बिनखच्ची नर सांभाळणे नवशिक्याच्या हाताबाहेरचे असते.

प्रश्न : कानांची टोके एकमेकांना टेकली की घोडा शुद्ध मारवाडी, असे व्यापारी सांगतात. हे खरे का?

नाही. आत वळलेले कान सौराष्ट्रातल्या काठियावाडी जातीलाही असतात, आणि संकरित शिंगरातही ते उतरू शकतात. २०१४ मध्ये मारवाडीच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या वळणाशी टीएसएचझेड१ या जनुकातील बदलाचा संबंध असू शकतो, असे संशोधकांनी मांडले. एका लक्षणावरून वंशावळ सिद्ध होत नाही. नोंदणी पाहायची असेल तर मारवाडी हॉर्स सोसायटी ऑफ इंडियाचा पासपोर्ट मागा आणि त्यातल्या खुणा समोरच्या घोड्याच्या अंगावर एकेक करून ताडून पाहा. काठियावाडी ओळखायचा तर चेहरा बाजूने बघा. त्याचे कपाळ रुंद असते आणि नाकाचा दांडा आत दबलेला असतो. मारवाडीचा चेहरा लांब आणि सरळ किंवा किंचित फुगीर असतो.

कान देखणे आहेतच. सवारीत त्यांचा उपयोग त्याहून मोठा आहे. ते जवळजवळ मागेपर्यंत फिरतात. एक कान तुमच्याकडे आणि एक पुढे असेल तर घोडा ऐकतो आहे. दोन्ही एकाच झुडपावर खिळले तर पुढच्या दोन पावलांत तो बिचकणार हे धरून चाला.

प्रश्न : रवाल चाल म्हणजे नक्की काय? सात वर्षांची घोडी आहे, ती कधी रवाल धरते, कधी मध्येच दुडकी. चाल पक्की कशी करावी?

दुडकीत कर्णातले दोन पाय एकदम पडतात, म्हणून स्वार उसळतो. रवालीत चारही पाय वेगवेगळे पडतात: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. जमिनीवर कायम एखादा तरी पाय असतो, त्यामुळे पाठ उसळत नाही आणि तासन्‌तास बसले तरी कंबर दुखत नाही. ज्याने एकदा रवालीत चार-पाच कोस काटले, त्याला या जातीची ओढ का लागते हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र प्रत्येक मारवाडीत ही चाल नसते. ती रक्तात असावी लागते. शिकवणीने ती फक्त साफ होते.

चाल डोळ्यांपेक्षा कानांनी ओळखा. कडक रस्त्यावर घोडी दुसऱ्याला चालवायला सांगा आणि डोळे मिटून ऐका. चार टापा सारख्या अंतराने आल्या तर रवाल खरी. दोन-दोनच्या जोडीने आल्या आणि स्वार डावीउजवीकडे हेलकावत असेल, तर एका बाजूचे दोन्ही पाय एकत्र पडत आहेत. ती चाल झोकाची, आणि पाठीला वाईट.

तुमच्या घोडीसाठी क्रम असा ठेवा. आधी १० मिनिटे सैल लगामावर साधी चाल. मग सपाट, टणक जमिनीवर चाल वाढवा. पोटऱ्यांनी पुढे ढकला आणि लगामाला हलका, अखंड स्पर्श ठेवा. चार टापा ऐकू येऊ लागल्या की २०-३० पावले तशीच राखा आणि ती स्वतः मोडायच्या आत लगाम सैल सोडा. दुडकी लागली तर झटका देऊ नका, साध्या चालीवर आणून पुन्हा सुरुवात करा. सगळे मिळून १५ मिनिटे पुरेत, आठवड्यातून चार-पाच दिवस. खोल वाळूत किंवा चढावर हा सराव नको, तिथे लय तुटते.

चाल बिघडते ती बहुतेक घाईमुळे. काटेरी लगाम ओढून मान आभाळाकडे उचलायची, पायात जड साखळ्या घालायच्या, एका बाजूचे पाय दोरीने जोडायचे, हे प्रकार आजही चालतात. यात घोड्याची पाठ खाली दबते, मागचे पाय पोटाखाली येत नाहीत, जीभ आणि जबडा सोलवटतो. पाहणाऱ्याला चाल भारदस्त वाटते, पण असा घोडा काही वर्षांत पाठीने आणि मागच्या ढोपरांनी निकामी होतो. आम्ही याच्या ठाम विरोधात आहोत. तोंडात गुळगुळीत, मधे जोड असलेली साधी कडी घाला. तेवढ्यावर जी रवाल येत नाही ती त्या घोड्यात नाही, असे समजा.

खोगीरही तपासा. मारवाडीच्या मानेच्या मुळाशी खांद्यावरचा उंचवटा वर आलेला असतो. स्वार बसल्यावर त्या उंचवट्यावर दोन-तीन बोटे मोकळी राहिली नाहीत, तर घोडी पाऊल आखडते आणि आपण चाल बिघडली म्हणतो.

प्रश्न : बाजारात घोडा तपासताना काय पाहावे? व्यापारी पाच मिनिटांत निर्णय मागतात.

पाच मिनिटांत निर्णय मागणाऱ्याकडून घेऊ नका. घोडा बांधलेला असतानाच काम सुरू करा. मागच्या पायाला पिछाडी (बांधायचा दोर) कशासाठी लावली आहे ते विचारा, ती सोडायला लावा आणि माणूस मागून जाताना घोडा काय करतो ते पाहा.

वय दातांवरून ठरवा. पुढच्या दातांतील मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, तिच्या बाजूची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरते. खालच्या दातांतले खड्डे मधल्या जोडीत सहाव्या, पुढच्यात सातव्या, कडेच्यात आठव्या वर्षाच्या आसपास भरून जातात. वरच्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी खाच दिसू लागते आणि पंधराव्याला ती अर्ध्या दातापर्यंत उतरते. म्हाताऱ्या दातात नवे खड्डे कोरण्याची लबाडी जुनी आहे. खड्डा तरुण पण खाच लांब, असे दिसले की व्यवहार सोडा.

उंची स्वतः मोजा, काठीने. टेप खुरापासून खांद्यावरून वळवत नेला की वळणामुळे एक-दोन इंच फुकट वाढतात. जमीन सपाट हवी आणि घोड्याचे खुर वाढलेले नकोत.

मग पाय. गुडघ्याखाली मागच्या शिरेवरून बोटे दाबत उतरा. गरम लागले, सुजलेले वाटले किंवा घोड्याने पाय खेचला तर ती जुनी दुखापत आहे. मागून पाहताना ढोपरे गाईसारखी आत वळलेली आहेत का बघा. या जातीत हा दोष आढळतो. थोडासा चालतो, पण ढोपरे एकमेकांना घासत असतील तर सवारीला घोडा नको. चारही खुर उचलून तळवा नाकाजवळ न्या. कुजका वास म्हणजे ओल्या जागेत बांधलेला घोडा. नंतर कडक जमिनीवर सैल दोरीने दुडकी चालवायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर जाते. व्यापारी दोरी आखडून डोके धरतो, तो नेमका हेच झाकायला.

नाचवायला तयार केलेला घोडा सवारीला घेताना फार जपा. त्याला लगाम आवळला म्हणजे नाच, असे शिकवलेले असते. तुम्ही थांबण्यासाठी लगाम ओढाल आणि तो जागच्या जागी उड्या मारेल किंवा मागच्या पायांवर उभा राहील. हे सुटायला महिने लागतात. म्हणून आधी मालकाला बसवून लगाम आवळायला सांगा, मग स्वतः बसा. आणि एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी पाहा. गुंगीचे औषध दिलेला शांत घोडा दुसऱ्या वेळी ओळखू येतो.

शेवटी ग्लँडर्सची रक्ततपासणी. हा रोग माणसालाही होतो, त्याला लस नाही आणि बाधित जनावर कायद्याने मारावे लागते. तपासणीचा ताजा दाखला मागा. नाकातून चिकट स्राव, नाकपुडीच्या आत व्रण किंवा पायाच्या आतल्या बाजूने गाठींची माळ दिसली तर घोड्याला हातही लावू नका.

प्रश्न : नुकरा (पांढरा) घ्यावा की कुमेत (काळी आयाळ-शेपूट असलेला तांबडा)? घरचे म्हणतात पंचकल्याणीच (चारही पाय आणि कपाळ पांढरे) हवा आणि भोवरे (अंगावरची केसांची वळणे) बघूनच आणा.

भोवऱ्यांनी चाल बदलत नाही. पंचकल्याणी आणि देवमन भोवऱ्याचा घोडा शुभ मानतात, त्यामुळे त्याची किंमत चढते. तुम्हाला तो पुढे विकायचा असेल तर हे लक्षात ठेवा, एरवी नाही. उलट काळा घोडा अशुभ समजला जात असल्याने चांगले पाय आणि साफ चाल असलेला मुश्की (काळा) कधी कधी कमी किमतीत मिळतो.

नुकऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची कातडी गुलाबी आणि डोळे बरेचदा फिकट असतात. नाक आणि डोळ्यांच्या कडा उन्हाने भाजतात, व्रण होतात, आणि सतत ऊन लागत राहिले तर कातडीच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दुपारी सावली, डोळ्यांवर जाळी आणि नाकाला झिंक ऑक्साइडचे मलम हे त्याला रोजचे आहे. माळावर उन्हात फिरायचे असेल तर कुमेत, सुरंग (तांबूस) किंवा सब्जा (राखाडी) बरा.

प्रश्न : रोज ४ किलो हरभरा आणि २ किलो गव्हाचा कोंडा देतो. घोडा तापट झाला आहे, दोनदा पोटही दुखले. काय चुकते?

दोन्ही चुकतात. घोड्याचे पोट वैरणीवर चालते. ३६० किलोच्या घोड्याला रोज ६ ते ७ किलो कोरडी वैरण हवी, तीही चार-पाच वेळा विभागून. चंदी (दाणा) हलक्या सवारीला दीड ते दोन किलो पुरे, दोन खेपांत. एका वेळी जास्त दाणा गेला की तो लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. त्यातून गॅस, पोटशूळ आणि वाईट प्रसंगी खुरांची जळजळ होते. काम नसलेल्या घोड्यात तीच ताकद उधळेपणा होऊन बाहेर येते.

कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार थोडे असते. महिनोन्‌महिने तोच दिला तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढते, चेहऱ्याची हाडे फुगतात आणि घोडा अधूनमधून लंगडतो. कोंडा अर्ध्या किलोवर आणा आणि लसूणघास द्या, त्यात कॅल्शियम चांगले असते. कडबा बारीक कुट्टी करूनच घाला, जाड धाटांचे बोळे आतड्यात अडकतात. मीठ ३०-४० ग्रॅम, पाणी २५ ते ३५ लिटर, उन्हाळ्यात ५० पर्यंत.

बदल एका दिवसात करू नका. दर दोन दिवसांनी पाव किलो हरभरा कमी करा. घोडा पोटाकडे वळून बघू लागला, जमीन उकरू लागला, लोळू लागला आणि लीद थांबली, तर दाणा बंद करून डॉक्टरांना बोलवा. तो गप्प उभा असेल तर सावकाश चालवायला हरकत नाही, पण नळीने तेल पाजण्याचा उद्योग घरी करू नका. ते फुप्फुसात गेले तर घोडा दगावतो.

प्रश्न : २२ महिन्यांचे शिंगरू आहे, अंगाने भरलेले. बसायला कधी सुरुवात करावी?

साडेतीन वर्षांच्या आधी नाही, आणि तेव्हाही २० मिनिटे साध्या चालीवर, हलक्या स्वारासह. पायांची हाडे आधी पक्की होतात, पाठीच्या मणक्यांची वाढ पाच वर्षांपुढेही चालते. शिंगरू भरलेले दिसते ते मांसाने. तोवर त्याला दोरीवर शेजारी चालायला, पाय उचलू द्यायला, गाडीत चढायला आणि खरारा करून घ्यायला शिकवा. लहान रिंगणात गोल फिरवणे १० मिनिटांपेक्षा जास्त नको, सांध्यांवर एकाच बाजूने ताण येतो.

प्रश्न : मारवाडीला नाल ठोकावेच लागतात का?

माती आणि गवतावर फिरणाऱ्याला नाही. डांबरी रस्त्यावर रोज जाणे असेल आणि खुर वाढीपेक्षा लवकर झिजत असेल, तर ठोका. नाल असो वा नसो, दर ६ ते ८ आठवड्यांनी नालबंदाकडून खुर छाटून घ्या. नाल खुराच्या मापाने करायचा. खूर कानशीने घासून नालाच्या मापात बसवू लागला, तर त्याला थांबवा.