२०११ साली आयपॅडशी टक्कर द्यायला आलेले टॅबलेट चांगलं हार्डवेअर असूनही का आपटले?

मोटोरोलाचा झूम, ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या रिमचा प्लेबुक आणि एचपीचा टचपॅड ही तीन नावं घेऊन तुम्ही विचारलंय की कागदावर कशातच कमी नसताना ती हरली कशी. कागदावर कमी नव्हती हे खरं आहे. झूमला १ जीबी रॅम होती, पहिल्या आयपॅडला २५६ एमबी. माझ्या मते त्यांचा घात किमतीने केला, आणि त्या किमतीची मुळं आयपॅडच्याही आधीची आहेत.

एप्रिल २०१० मध्ये १६ जीबीचा वाय-फाय आयपॅड ४९९ डॉलरला आला. अ‍ॅपलचा माल महागच असणार असं धरून चाललेल्यांची इथेच पंचाईत झाली. अ‍ॅपलला हे परवडलं, कारण २००५ सालीच त्यांनी सॅमसंग, हायनिक्स, इंटेल, मायक्रॉन आणि तोशिबा या पाच जणांशी २०१० पर्यंतच्या फ्लॅश मेमरीचे (माहिती साठवणाऱ्या चिपचे) करार केले होते, तेही १२५ कोटी डॉलर आगाऊ मोजून. ती तजवीज होती आयपॉडसाठी, पण त्यातून आलेलं वजन टॅबलेटलाही उपयोगी पडलं. शिवाय चिपचं डिझाइन स्वतःचं, ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःची आणि विक्रीला स्वतःची दुकानं. बाकीच्यांना चिप बाहेरून घ्यायची आणि वर दुकानदाराचा वाटा द्यायचा.

झूम नीट पाहा. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेत व्हेरायझन या मोबाइल कंपनीमार्फत तो ७९९ डॉलरला आला; दोन वर्षांचा करार केला तर ५९९. डब्यावर ४जी लिहिलेलं, पण ४जी हवं तर नंतर टॅबलेट कंपनीकडे पाठवून आतला भाग बसवून घ्यायचा. मेमरी कार्डाची खाच होती, पण सुरुवातीला सॉफ्टवेअर ती ओळखतच नव्हतं. मोठ्या पडद्यासाठी लिहिलेली अ‍ॅप्स मोजकीच, त्यामुळे फोनची अ‍ॅप्स ताणून दिसायची. आठवड्याभरात आयपॅड २ जाहीर झाला, किंमत तीच ४९९. त्या वेळी आयपॅडसाठी खास लिहिलेली ६५,००० अ‍ॅप्स असल्याचं अ‍ॅपल सांगत होती. गिऱ्हाईक ३०० डॉलर जादा मोजून अर्धवट वस्तू का घेईल?

प्लेबुकची गत मला जास्त बोचते, कारण रिम ही कंपनी ई-मेलवरच मोठी झालेली. एप्रिल २०११ मध्ये विक्रीला आलेल्या या टॅबलेटमध्ये स्वतःचं ई-मेल अ‍ॅपच नव्हतं. मेल बघायची तर ब्लॅकबेरी फोन ब्लूटूथने जोडायचा, नाहीतर ब्राउझर उघडायचा. अ‍ॅप आलं फेब्रुवारी २०१२ मध्ये. तोवर न खपलेल्या मालापोटी कंपनीला ४८ कोटी ५० लाख डॉलरचा फटका खात्यात दाखवावा लागला होता.

टचपॅडचं थोडक्यात सांगतो: १ जुलैला ४९९ डॉलरला आला, १८ ऑगस्टला एचपीने गुंडाळला. मग १६ जीबीचा ९९ डॉलरला काढला तेव्हा रांगा लागल्या. म्हणजे लोकांना टॅबलेट हवा होता, पण ४९९ मोजायचे तर तो आयपॅडच.

हे ओळखलं अ‍ॅमेझॉनने. नोव्हेंबर २०११ चा किंडल फायर १९९ डॉलरचा होता. ७ इंची पडदा, ८ जीबी, कॅमेरा नाही, माइक नाही, ब्लूटूथ नाही. यंत्रावर जवळपास नफा ठेवलाच नाही; कमाई पुस्तकं, सिनेमे आणि दुकानातल्या इतर खरेदीतून करायची. २०१२ च्या मध्यावर गुगलने असूसकडून नेक्सस ७ बनवून घेतला, तोही १९९ लाच.

ही चाल मात्र अ‍ॅपलला बोचली. ऑक्टोबर २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सनी ७ इंची टॅबलेट जन्मतःच मेलेले ठरवले होते. दोन वर्षांनी कंपनीने ७.९ इंची आयपॅड मिनी काढला, पण ३२९ डॉलरला. १९९ पर्यंत ती उतरली नाही, कारण तिचा नफा यंत्रातच होता.