अॅक्शन कॉमिक्स या अमेरिकन कॉमिक मासिकाच्या पहिल्या अंकात (जून १९३८) सगळ्या गोष्टी सुपरहिरोंच्याच होत्या का?

नाही, खरी सुपरहिरोची गोष्ट एकच, सुपरमॅनची, आणि तीही जेमतेम १३ पानांची. १० सेंटचा हा अंक म्हणजे भेळच होती, कारण त्या काळी एकाच अंकात सगळ्या आवडीनिवडीचा माल भरायची पद्धत होती, त्यामुळे पूर्ण अंकाचं रिप्रिंट चाळलंत तर सुपरमॅननंतर हे सगळं लागतं:

- चक डॉसन, काउबॉय
- पेप मॉर्गन, बॉक्सर
- टेक्स थॉमसन, साहसवीर
- मार्को पोलोचा प्रवास, हो तोच इतिहासातला

सुपरमॅनची गोष्ट तर मधूनच सुरू झाल्यासारखी वाटते, पहिल्या पानावर घाईघाईत ओळख आणि लगेच पुढे हा गडी बांधलेल्या खुनी बाईला घेऊन रात्री गव्हर्नरच्या घरी निघालेला, तिला बाहेर लॉनवरच टाकतो आणि आत जाऊन स्टीलचा दरवाजा उखडतो, का तर भलत्याच बाईला इलेक्ट्रिक चेअरवर बसवणारेत. गोष्ट अशी मधूनच सुरू होण्याचं कारण म्हणजे सुपरमॅनचे निर्माते सीगल आणि शूस्टर यांनी हे मुळात पेपरात रोज येणाऱ्या कॉमिक पट्ट्यांसाठी केलं होतं, त्याच पट्ट्या कापून पानांवर चिकटवल्या. आणि उडतबिडत नाही हं तो यात, नुसत्या लांब उड्या मारतो. सुपरहिरो म्हणायचं का असा वाद फक्त याच अंकातल्या झटारा जादूगाराबद्दल होऊ शकतो, मंत्र उलटे म्हणून जादू करतो म्हणजे शक्ती आहेच की, पण मला विचाराल तर तो टॉप हॅटवाला स्टेजचा जादूगारच जास्त वाटतो.