सिव्हिल थ्रीडी या रस्ते डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अलाइनमेंटवर (रस्त्याच्या आखलेल्या मार्गरेषेवर) दर 20 मीटरला क्रॉस-सेक्शन (आडवे छेद) कसे काढायचे?

होम टॅबवरची सॅम्पल लाइन्स (छेद घ्यायच्या आडव्या रेघा) ही कमांड वापरा, एकेक रेघ हाताने मारत बसायची अजिबात गरज नाही. सर्वेच्या पॉइंट्सवरून सरफेस (त्रिकोण जोडून बनलेलं जमिनीचं मॉडेल) आणि सेंटरलाइनची अलाइनमेंट आधी तयार पाहिजे, मग बाय रेंज ऑफ स्टेशन्स निवडून टँजंट (सरळ भाग) आणि कर्व्ह (वळण) दोन्हीचं इन्क्रिमेंट, म्हणजे दोन रेघांमधलं अंतर, 20 ठेवा, डावी-उजवी रुंदी 15-15 मीटर द्या, की सगळे चेनेज (मार्गावरचे अंतराचे टप्पे) पडतात, नंतर सगळे छेद एकदम काढायला क्रिएट मल्टिपल व्ह्यूज. मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) असेल तिथे वेगळी लाइन टाकाच. आमच्या ऑफिसात रोज हेच काम चालतं म्हणून सांगतो, सॉफ्टवेअर फक्त सरफेसचे त्रिकोण कापतं, त्यामुळे गटाराच्या तळाला आणि काठाला पॉइंट घेऊन ब्रेकलाइन (त्रिकोणांना त्या कडेवरूनच जायला लावणारी रेघ) दिली नसेल तर गटार सेक्शनमध्ये नीट येणारच नाही आणि मातीकामाची क्वांटिटी चुकेल.