फ्लॅशर बदलण्याआधी अर्थिंग तपासा

मोटरसायकलच्या इंडिकेटरबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात, आणि निम्म्या पत्रांत 'फ्लॅशर बदलून पाहिला, उपयोग झाला नाही' हे वाक्य असतेच. (फ्लॅशर म्हणजे इंडिकेटरला लुकलुकायला लावणारा छोटा भाग.) म्हणून या वेळी एकत्रच उत्तरे देतो.

किती वॅटचा बल्ब घ्यावा? (सातारा)

बहुतेक गाड्यांना १२ व्होल्ट, १० वॅट. तरी जुन्या बल्बच्या टोपीवरचा आकडा वाचून तेवढाच घ्या.

निळ्या काचा बसवल्या तर चालतील का? (नाशिक)

नाही. इंडिकेटर नारिंगीच हवा.

डावा इंडिकेटर फार भरभर लुकलुकतो, उजवा ठीक आहे. गॅरेजवाले म्हणतात फ्लॅशर गेला. (चिपळूण)

दोन्ही बाजूंना मिळून फ्लॅशर एकच असतो. उजवी बाजू नीट चालते आहे, तर तो जाईल कसा? डावीकडचा पुढचा की मागचा दिवा लागत नाही ते आधी पाहा. एक दिवा बंद पडला की फ्लॅशरवरचा लोड कमी होतो. मग काही गाड्यांत वेग वाढतो, काहींत उरलेला दिवा न लुकलुकता नुसता पेटून राहतो. उजवीकडचा बल्ब डावीकडे लावून बघा. तरीही लागला नाही तर होल्डर उघडा. कोकणातल्या गाड्यांचे होल्डर मी रोज उघडतो: तळाशी हिरवट थर, आणि स्प्रिंग बोटाने दाबली तर वर येत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या दिव्याची अर्थिंग, म्हणजे वीज बॅटरीच्या मायनसकडे परत जाण्याची वाट, मडगार्डच्या बोल्टमधूनच मिळते, आणि तिथे गंज चढलेला असतो. वायरचे एक टोक होल्डरच्या धातूला, दुसरे बॅटरीच्या मायनसला लावा. दिवा पेटला तर दोष अर्थिंगचा. बोल्टची जागा पॉलिश पेपरने घासून घ्या. एवढे करून जमले नाही तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. स्वतः वायर कापू नका.

एलईडी इंडिकेटर बसवले. आता ते भराभर लुकलुकतात, शिवाय कुठलाही लावला तरी चारही पेटतात. दुकानदार रेझिस्टर टाका म्हणतो. (पुणे)

यावर सविस्तर लिहितो, कारण यात गाड्या जळताना पाहिल्या आहेत. १० वॅटच्या बल्बच्या जागी एक-दोन वॅटचा एलईडी आला की जुन्या फ्लॅशरला बल्ब उडाल्यासारखे वाटते. रेझिस्टर काय करतो? वाचलेली वीज उष्णता करून उधळतो. तो चांगलाच तापतो, आणि आपल्याकडे त्याला टेप गुंडाळून सीटखालच्या वायरिंगलाच बांधतात. प्लॅस्टिक वितळते, वायरी एकमेकींना चिकटतात. दुकानदाराला मात्र एलईडीबरोबर रेझिस्टरही विकायचा असतो. खरा उपाय म्हणजे एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणे योग्य. घड्याळ लावून मोजा. चारही पेटतात ते मीटरमधल्या एकाच दर्शक दिव्यामुळे. त्याचे एक टोक डाव्या वायरला, दुसरे उजव्या वायरला असते, आणि त्यातून जाणारी थोडी वीजही पलीकडच्या एलईडीला पुरते. दोन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) लावून हे थांबते, पण ते काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच, सोल्डर करून घ्या. पिळून टेप मारलेला जोड पहिल्या पावसात दगा देतो.

फ्यूज सारखा उडायचा, म्हणून मेकॅनिकने तार गुंडाळून दिली. (लातूर)

ती तार आजच काढा. फ्यूज उडतो म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे. बहुधा हँडलच्या मानेपाशी, जिथे वळवताना वायर रोज घासते. तो सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका.

दोन्ही बाजू तीन महिने बंद आहेत. हाताने इशारा करतो. दिवाळीत सर्व्हिसिंगला दिली तर चालेल ना? (कोल्हापूर)

चालणार नाही. उजवीकडे वळताना हात बाहेर काढलात की अॅक्सिलेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही सुटतात, आणि रात्री तो हात मागच्या ट्रकवाल्याला दिसतही नाही. दोन्ही बाजू एकदम गेल्या आहेत, तर फ्यूज, फ्लॅशर नाहीतर स्विच. इथे फ्लॅशरचा संशय खरा असू शकतो. इलेक्ट्रिशियनला आधी फ्यूज पाहायला सांगा. मग दोन पिनांचा फ्लॅशर असेल तर त्याच्या दोन्ही वायरी क्षणभर जोडून, स्विच एका बाजूला करून बघू द्या. दिवा स्थिर पेटला तर फ्लॅशर बदला. नाही पेटला तर हँडलवरचा स्विच उघडून साफ करावा लागेल. तासाभराचे काम आहे, उद्याच जा.