सनीव्हेलची दहापैकी पाचवाली शाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांची पुण्याहून कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला बदली झाली आहे, मुलगी तिसरीत जाणार, ऑफिसजवळ परवडेल असं अपार्टमेंट मिळतंय. पण त्या पत्त्याला जी सरकारी प्राथमिक शाळा लागते, तिच्यापुढे घरांच्या साइटवर दहापैकी पाच दिसतात. तिथली बरीच मुलं घरी स्पॅनिश बोलतात असंही तुम्हाला कळलंय, आणि ओळखीतले सगळे म्हणतायत की भाडं जास्त पडलं तरी शेजारच्या क्युपर्टिनोच्या नावाजलेल्या शाळाच बघा. माझी दोन्ही मुलं इथल्या अशाच एका मिश्र वस्तीतल्या शाळेत पाचवीपर्यंत शिकली, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगते. त्या पाचवरून शाळेत शिकवतात कसं हे फारसं कळत नाही. त्या भागात राहतं कोण, हे मात्र बऱ्यापैकी कळतं.

हा आकडा राज्य सरकार देत नाही. ग्रेटस्कूल्स नावाची एक ना-नफा संस्था तो काढते आणि झिलो, रेडफिनसारख्या साइट्स घराच्या किमतीशेजारी तो छापतात. पूर्वी कॅलिफोर्निया स्वतःच प्रत्येक शाळेला एक गुणांक आणि एक ते दहामधला क्रमांक द्यायचं. एपीआय म्हणायचे त्याला. २०१३ नंतर ते बंद झालं. २०१७ पासून राज्याचा डॅशबोर्ड आहे. त्यात लाल ते निळा असे पाच रंग असतात आणि चाचणीचे निकाल, गैरहजेरी, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची प्रगती हे सगळं वेगवेगळं दाखवतात. वाचायला वेळ लागतो, पण घर ठरवताना तोच उघडा.

आता मुळात परीक्षा काय आहे ते. तिसरी ते आठवी दरवर्षी इंग्रजी आणि गणित, पाचवी आणि आठवीत विज्ञानही. २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने या वार्षिक चाचण्या देशभर आल्या, २०१५ च्या नव्या कायद्यानेही त्या तशाच ठेवल्या. कॅलिफोर्नियात जी परीक्षा घेतात तिचं नाव स्मार्टर बॅलन्स्ड. ती कॉम्प्युटरवर असते, उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा. घड्याळ लावलेलं नसतं. निकाल चार पायऱ्यांमध्ये: अपेक्षेच्या वर, अपेक्षेइतका, जवळपास, आणि अपेक्षेखाली. बातम्यांत 'अमुक टक्के मुलं पास' असं येतं ते वरच्या दोन पायऱ्यांचं. मुलीच्या वरच्या वर्गात जाण्याशी या निकालाचा संबंध नाही. नंबर लागत नाही, शिष्यवृत्ती मिळत नाही. आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी डोक्यात ठेवून इथे क्लास लावणारे पालक मी पाहिलेत. प्राथमिक शाळेत त्याची खरंच काही गरज नाही.

राज्याचा आकडा माहीत असला की पाचाकडे बघायची नजर बदलते. २०२३-२४ मध्ये अख्ख्या कॅलिफोर्नियात इंग्रजीत अपेक्षेइतकी किंवा वर असलेली मुलं होती ४७ टक्के, गणितात ३५.५ टक्के. कोविडच्या आधी, २०१८-१९ मध्ये, हेच आकडे साधारण ५१ आणि ४० होते. म्हणजे एखाद्या शाळेत गणितात ५० टक्के दिसले तर आपल्याला ते 'निम्मी नापास' वाटतं, पण ती शाळा राज्याच्या सरासरीच्या बरीच वर असते. आपण ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या सवयीने वाचतो, तिथेच घोटाळा होतो.

पण खरी गंमत आत आहे, आणि हे नीट समजून घ्या. दोन शाळा धरा. आकडे मी समजावण्यासाठी बनवलेत. पहिल्या शाळेत शंभरातली ऐंशी मुलं खाऊनपिऊन सुखी घरांतली, वीस हातावर पोट असलेल्या घरांतली. सुखी घरांतली ७५ टक्के पास होतात, गरीब घरांतली ३० टक्के. एकूण पास झाली ६० अधिक ६, म्हणजे ६६. दुसऱ्या शाळेत सुखी घरांतली तीस, गरीब घरांतली सत्तर. इथे सुखी घरांतली ८० टक्के पास होतात आणि गरीब घरांतली ४० टक्के. एकूण २४ अधिक २८, म्हणजे ५२. दुसरी शाळा दोन्ही प्रकारच्या मुलांना पहिलीपेक्षा चांगलं शिकवते आहे, तरी पाटीवर पहिली ६६ आणि दुसरी ५२. तुमच्या मुलीला कुठे घालाल?

दहावीच्या शंभर टक्के निकालाची पाटी बघितली की आपल्याकडे जाणती माणसं विचारतात, नववीत किती मुलं गाळली? इथे सरकारी शाळा कुणालाच गाळत नाही, ते काम भाडं करतं.

यात नवीन काही नाही. १९६६ साली जेम्स कोलमन यांनी अमेरिकन सरकारसाठी प्रचंड मोठा अभ्यास केला, त्यात मुलांच्या गुणांतला फरक घरच्या परिस्थितीशी सगळ्यात घट्ट जोडलेला निघाला. अलीकडे स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले. सरासरी गुण श्रीमंतीबरोबर चढतात, पण मुलं वर्षागणिक किती पुढे जातात याचा श्रीमंतीशी संबंध फारच सैल आहे. शिकागोचं उदाहरण त्यांनीच पुढे आणलं: तिथल्या सरकारी शाळांची सरासरी कमी, पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत मुलं सरासरी सहा वर्षांइतकं शिकत होती. मी हे वाचलं तेव्हा माझी मुलं लहान होती, आणि शाळेकडे बघण्याची माझी रीत तिथून बदलली.

अजून एक गोष्ट मिश्र शाळांचा आकडा खाली खेचते, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. 'इंग्लिश लर्नर' या गटाचे निकाल फार वाईट दिसतात, राज्यभर इंग्रजीत दहातलं साधारण एखादंच मूल पास. पण हा गट बनतोच ज्यांना इंग्रजी अजून पुरेसं येत नाही त्यांचा. इंग्रजी आलं की मूल या गटातून बाहेर पडतं आणि त्याचे चांगले गुण दुसऱ्या रकान्यात जातात. त्यामुळे शाळा कितीही चांगलं शिकवो, हा रकाना कायम रिकामाच दिसणार. तो बघू नका. या गटातून बाहेर पडलेल्या मुलांचा वेगळा रकाना असतो, तो बघा. माझ्या अंदाजापेक्षा तो कितीतरी वर होता. ज्या शाळेत नुकती आलेली मुलं तीन-चार वर्षांत तिथवर पोचतात, तिथल्या टीचरना शिकवता येतं, याला आणखी पुरावा कशाला हवा?

राज्याच्या चाचणी-निकालांच्या साइटवर शाळेचं नाव टाका. प्रत्येक इयत्तेचा निकाल मुलांच्या गटांप्रमाणे फोडून मिळतो, आणि त्यात पालकांच्या शिक्षणाप्रमाणेही फोड असते. तुम्ही दोघं पदवीधर, तर पदवीधर पालकांच्या मुलांचा रकाना या शाळेत आणि त्या नावाजलेल्या शाळेत शेजारी शेजारी ठेवून बघा. एकूण आकड्यांत दिसणारा फरक इथे बऱ्याचदा खूपच कमी होतो. मग एकाच तुकडीच्या मागे जा: दोन वर्षांपूर्वीची तिसरी, गेल्या वर्षीची चौथी, यंदाची पाचवी. टक्के वर जातायत की खाली, हे त्या दहापैकी पाचपेक्षा खूप जास्त बोलतं. मात्र एका इयत्तेत साठ मुलं असतील तर एक मूल म्हणजे जवळजवळ पावणेदोन टक्के. सहा मुलं सर्दीतापात परीक्षेला बसली की दहा टक्के इकडचे तिकडे. एका वर्षाच्या घसरणीने घाबरू नका, निदान तीन वर्षं बघा.

मिश्र शाळा म्हणजे सगळं छानच, असं मी म्हणत नाही. काही गोष्टी दिसल्या तर मी स्वतः ते घर घेणार नाही. दर वर्ष-दोन वर्षांनी प्रिन्सिपल बदलणं. शाळा सुरू होऊन महिने झाले तरी वर्गावर कायम टीचर नसणं. आणि गैरहजेरी. वर्षातले दहा टक्के किंवा जास्त दिवस जे मूल शाळेत येत नाही त्याला इथे क्रॉनिकली अॅब्सेंट म्हणतात, २०२१-२२ मध्ये राज्यातली तब्बल ३० टक्के मुलं त्यात होती. त्यानंतर आकडा उतरला आहे. तुमच्या शाळेचा उतरला आहे का, ते डॅशबोर्डवर दिसेल. उतरला नसेल तर टीचरचा निम्मा वेळ कालचं परत शिकवण्यात जातो.

शक्य असेल तर ऑफिसात फोन करून शाळा बघायची वेळ मागा. आमच्या शाळेत तिसरीच्या वर्गात गणिताच्या तासाला टीचर घोड्याच्या नालेसारख्या टेबलाशी पाच मुलांना घेऊन बसलेली असायची. एका मुलाला अपूर्णांक संख्यारेषेवर मांडता येत नव्हता, त्याला ती कागदाची पट्टी दुमडायला लावत होती. मागच्या टेबलावर पुढे गेलेली मुलं आपसांत भांडत होती की तीन अष्टमांश मोठा की तीन षष्ठांश, आणि 'का' ते लिहून दाखवत होती. प्राथमिक शाळेत हुशार आणि कच्च्या मुलांच्या तुकड्या बहुधा वेगळ्या नसतात, सगळा भार असल्या छोट्या गटांवर असतो. तुम्ही जाल तेव्हा फक्त एवढंच बघा: पुढे असलेल्या मुलाला काम आहे की ते चित्र रंगवत बसलंय. माझ्या मते मिश्र शाळेची खरी परीक्षा तीच.

पत्त्याबद्दल एक सूचना. सनीव्हेल हे शहर एक असलं तरी शाळांचे डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारी स्थानिक मंडळं, वेगळे आहेत. उत्तरेकडचा बराच भाग सनीव्हेल डिस्ट्रिक्टमध्ये, दक्षिणेकडचा क्युपर्टिनो युनियनमध्ये, काही भाग सांता क्लारा युनिफाइडमध्ये. रस्त्याच्या अलीकडे एक शाळा, पलीकडे दुसरी. भाड्याच्या जाहिरातीत लिहिलेल्या शाळेवर विसंबू नका, डिस्ट्रिक्टच्याच साइटवर पत्ता टाकून बघा. शाळा भरली असेल तर पत्ता असूनही मुलीला शेजारच्या शाळेत पाठवू शकतात, हेही फोनवर विचारा. नावाजलेल्या भागात जास्तीचं भाडं भरून हे वाट्याला आलेली कुटुंबं माझ्या ओळखीत आहेत.

आता तुमच्या मुलीचं. नाव घालताना घरच्या भाषेची प्रश्नावली देतात: मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोललं, घरात कुठली बोलतं, तुम्ही तिच्याशी कुठली बोलता. खरं लिहा, मराठी. 'इंग्लिश लिहा, नाहीतर मुलीला खालच्या वर्गात टाकतील' असं सांगणारे भेटतील, ते चुकीचं आहे, इयत्ता वयावरून ठरते. मराठी लिहिलं की पहिल्या तीस दिवसांत एल्पॅक नावाची इंग्रजीची चाचणी होते. इंग्रजी माध्यमातली मुलगी कदाचित त्यात लगेच 'फ्लुएंट' ठरेल. नाही ठरली तर रोज थोडा वेळ इंग्रजीचं वेगळं मार्गदर्शन मिळेल, तेही फुकट. त्यात कमीपणा काही नाही.

पुण्यातून आलेल्या मुलांना गणितातली आकडेमोड इथे सोपी जाते. तिसरीत कॅलक्युलेटर नसतो, पाढे पाठ असले की निम्मी लढाई जिंकली. अडतं ते कारण लिहिताना. 'अमुक मुलाचं उत्तर चुकलं आहे, का ते समजाव' असले प्रश्न असतात, आणि उत्तर नुसतं बरोबर असून भागत नाही. इंग्रजीत दोन-तीन उतारे वाचून, त्यातले पुरावे देत, कीबोर्डवर मोठं उत्तर लिहायचं असतं. आपल्या मुलांना धड्याखालच्या प्रश्नाची ठरलेली उत्तरं लिहायची सवय असते. निघायच्या आधी काही करायचंच असेल तर दोन्ही हातांनी टायपिंग आणि रोज एक गोष्ट वाचून 'तुला असं का वाटलं' यावर मराठीत गप्पा, एवढं पुरे. सरावाच्या चाचण्या साइटवर फुकट आहेत, एकदा दोघींनी मिळून उघडून बघा, म्हणजे पडदा ओळखीचा होईल.

मार्चमध्ये यावं की जूनमध्ये, हेही तुम्ही विचारलं होतं. परीक्षा साधारण एप्रिल-मेमध्ये असतात. अमेरिकेतल्या शाळेत बारा महिने झाले नसतील आणि मूल इंग्लिश लर्नर ठरलं असेल तर त्या वर्षी इंग्रजीची परीक्षा माफ असते, गणिताची द्यावी लागते. लेखी विनंती केली तर पालक दोन्हीतून सूट घेऊ शकतात, पण मी बसू द्यावं म्हणेन. मार्चमध्ये आलात तर वर्ग सुटायच्या आधी दोन-तीन मैत्रिणी होतील आणि उन्हाळ्याची सुट्टी एकटी जाणार नाही, म्हणून मी मार्च म्हणते. येताना जन्माचा दाखला, लसीकरणाची पूर्ण नोंद तारखांसह आणि मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं हातातल्या बॅगेत ठेवा. सांता क्लारा काउंटीत टीबीचा फॉर्मही डॉक्टरकडून भरून लागतो, त्याची अपॉइंटमेंट विमा सुरू झाल्या झाल्या घ्या. तुमच्या शाळेचं नाव मला मेसेज करा, रकाने आपण दोघी मिळून बघू.