फक्त एकच खोली थंड राहत असेल, तर फर्नेस बदलण्याआधी काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की बाकी घर छान गरम होतं, वरच्या मजल्यावरची मागची बेडरूम तेवढी थंड राहते आणि रात्री जास्तच गारठते. मेकॅनिक म्हणतो, मोठी फर्नेस (घराला गरम हवा पुरवणारी भट्टी) बसवा. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता अजिबात बसवू नका. फर्नेस कमी पडत असती तर कडाक्याच्या थंडीत सगळं घरच गार राहिलं असतं. तुमच्याकडे उष्णता पुरेशी तयार होतेय. ती त्या खोलीपर्यंत पोचत तरी नाही, नाहीतर पोचून टिकत नाही. या दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून पहिल्यांदा यातलं काय घडतंय ते ओळखायचं.

फर्नेस दहा-पंधरा मिनिटं सलग चालू द्या. मग त्या खोलीतल्या व्हेंटच्या, म्हणजे गरम हवा येणाऱ्या झरोक्याच्या, तोंडाशी साधा थर्मामीटर धरा आणि नीट गरम होणाऱ्या एखाद्या खोलीतही तसंच करून बघा. हवेचा जोर हाताला कळतोच. दोन्हीकडे हवा तितकीच गरम आणि जोरही सारखा असेल, तर उष्णता खिडक्यांच्या फटी, माळा किंवा बाहेरच्या भिंतींतून निघून जातेय. हवा गरम आहे पण जोर नाही, तर वाट कुठेतरी अडलीय. जोर आहे पण हवा कोमट, तर डक्ट, म्हणजे हवा वाहून आणणारा नळ, एखाद्या थंड जागेतून, बहुधा माळ्यावरून, पुरेशा इन्सुलेशनशिवाय (उष्णता धरून ठेवणाऱ्या आवरणाशिवाय) येतोय.

आता रात्रीचा मुद्दा. तुमच्या प्रश्नात मला हाच सगळ्यात मोलाचा धागा वाटतो, कारण रात्री आपण दार लावून झोपतो. बऱ्याच घरांत प्रत्येक बेडरूममध्ये गरम हवा सोडणारा व्हेंट असतो, पण हवा परत ओढून घेणारी रिटर्नची जाळी एकच, पॅसेजमध्ये. दार बंद झालं की खोलीत येणाऱ्या हवेला परतीचा रस्ता उरत नाही. रिकाम्या बाटलीत फुंकर घालून बघा, हवा आत शिरतच नाही. बंद खोलीचंही तसंच होतं. आतला दाब वाढतो, व्हेंटमधून येणारी हवा कमी होते आणि आहे ती गरम हवा खिडकीच्या फटींतून बाहेर ढकलली जाते. दुसरीकडे पॅसेजमध्ये हवा कमी पडते, म्हणून बाकीचं घर फटीफटींतून बाहेरची थंड हवा आत ओढतं. म्हणजे दार एका खोलीचं लागतं आणि नुकसान अख्ख्या घराचं होतं.

याची चाचणी सोपी आहे. फर्नेसचा ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) चालू असताना दार लावा, मग हळूहळू किलकिलं करा आणि फटीशी टिश्यू पेपर धरा. कागद जोरात पॅसेजकडे उडाला, तर खोलीत दाब साठतोय. मग एक-दोन रात्री दार थोडं उघडं ठेवून झोपा आणि सकाळचं तापमान बघा. फरक पडला तर कारण सापडलं. दाराखालची फट वाढवणं, किंवा दाराच्या वर भिंतीत आरपार जाळी बसवणं, एवढ्यावर भागू शकतं. मोठी फर्नेस या दुखण्याला काहीही करू शकत नाही.

कागद हललाच नाही तर मात्र डक्टकडे वळा. फर्नेसचा फिल्टर (हवा गाळणारी जाळी) बघा, त्यावरचा बाण फर्नेसच्या दिशेने असायला हवा. खूप बारीक गाळणारा फिल्टर लावला असेल तर साधा लावून जोर तपासा. पलंग किंवा गालिचा व्हेंटवर आलाय का, हेही बघा. डक्टला डॅम्पर (हवा कमी-जास्त करणारी आतली झडप) असेल तर त्याची दांडी डक्टच्या लांबीला समांतर म्हणजे उघडा, काटकोनात म्हणजे बंद. माळ्यावर लवचिक डक्ट असेल तर तो कुठे मुडपलाय, दबलाय किंवा सांध्यातून सुटलाय का ते पाहा. अमेरिकेच्या एनर्जी स्टार या ऊर्जाबचतीच्या सरकारी कार्यक्रमाच्या माहितीनुसार सर्वसाधारण घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी सुमारे २० ते ३० टक्के हवा गळती, भोकं आणि सैल जोडण्यांमुळे वाया जाते. सांधे बुजवायला मॅस्टिक (सांध्यांवर फासायचा घट्ट लेप) किंवा धातूच्या पातळ पत्र्याची टेप वापरा. कापडी डक्ट टेप नको. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्ये केलेल्या चाचण्यांत तीच टेप सांध्यांवर टिकली नव्हती, नाव डक्ट टेप असलं तरी.

एक गोष्ट कृपा करून करू नका: या खोलीला जास्त हवा मिळावी म्हणून बाकीच्या खोल्यांचे व्हेंट पूर्ण बंद करणं. डक्टमधला दाब वाढतो, गळती वाढते, फर्नेसमधून जाणारी एकूण हवा घटते. मग ती आतून जास्त तापते आणि सुरक्षेचा स्विच बर्नर मध्येच बंद करतो. फर्नेस पुन्हापुन्हा चालू-बंद होत असेल तर कारण बऱ्याचदा इथेच असतं. आणि ती गॅसवर किंवा तेलावर चालत असेल तर झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म हवाच. घरातले दाब बदलले की धूर उलटा घरात येऊ शकतो, म्हणून डक्टची मोठी दुरुस्ती झाल्यावर धुराचा निचरा जाणकाराकडून तपासून घ्या.

मेकॅनिक पुन्हा आला की त्याला दोन आकडे मोजायला सांगा. एक, फर्नेसमध्ये जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक; तो किती असावा हे फर्नेसच्या पाटीवरच छापलेलं असतं. फरक त्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर हवा कमी वाहतेय. दुसरा, डक्टमधला स्टॅटिक प्रेशर, म्हणजे ब्लोअरला हवा ढकलताना सोसावा लागणारा दाब. घरगुती फर्नेसच्या पाटीवर त्याची मर्यादा बहुधा ०.५ इंच पाण्याच्या स्तंभाच्या (दाब मोजायचं एक एकक) आसपास असते. हे न मोजताच तो मोठी फर्नेस सुचवत असेल, तर दुसरा मेकॅनिक बघा.