मारुती 800 चा फ्लोअर सडलाय? वरून पत्रा मारून घेऊ नका

कोरेगावहून तुम्ही लिहिलंय की 2004 ची 800 आहे, पावसात ड्रायव्हरच्या पायाखाली पाणी साठतं, मॅटखालचा पत्रा अंगठ्यानं दबतो आणि गॅरेजवाला म्हणतोय, "वरून पत्रा मारू, खालून डांबर फासू, विषय संपला." हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. विषय तिथंच सुरू होतो.

माझी 800 सांगलीत 2019 च्या पुरात सापडली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 च्याही वर गेलं होतं. आमच्या गल्लीत गाड्यांच्या सीटा बुडाल्या. इंजिन, वायरिंग मार्गी लागलं. फ्लोअरला तळहाताएवढी दोन भोकं होती, म्हणून गाडी एका चांगल्या चालणाऱ्या गॅरेजला दिली. नाव विचारू नका, सांगणार नाही. त्यांनी सडका पत्रा कापलाच नाही. त्यावर नवा पत्रा पॉप रिव्हेटनं ठोकला, कडा पुट्टीनं बुजवल्या, खालून काळाकुळकुळीत डांबर. बिलावर मात्र 'फ्लोअर नवीन'. दिसायला झकास. किडलेल्या दातावर टोपी बसवावी तसं काम!

झालं असं की रिव्हेटच्या भोकांतून पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये शिरायचं आणि डांबरामुळं खाली निघायला वाट नाही. आत पुराचा गाळ होताच, तो कायम ओला. दोन पावसाळे गेले आणि ब्रेक दाबला की ड्रायव्हरची सीट मागं कलायला लागली. दुसऱ्या डेंटरनं (गाडीच्या पत्र्याचं काम करणाऱ्यानं) रिव्हेट उडवले तर मधून काळा चिखल आणि गंजाचे पापुद्रे निघाले. सीटच्या ब्रॅकेटचं बूड गेलेलं, गंज दाराखालच्या सिलपर्यंत पोचलेला. आधी पेडलजवळचे दोन तुकडे बदलून भागलं असतं, तिथं अर्धा फ्लोअर आणि सिल करावं लागलं. जुन्या गॅरेजला विचारलं तर म्हणे, "गंजाची गॅरंटी कोण देतं?" अहो, गंजाची नको, कामाची तरी द्या! जाऊ दे.

मी मेकॅनिक नाही, पण माझं मत ठाम आहे: चकचकीत, टणक पत्रा लागेपर्यंत कापायचं. कार्पेट आणि त्याखालचा फेल्ट (जाड नमदा) पूर्ण बाहेर. छोट्या हातोडीनं ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणतो, सडका भद्द वाजतो. भद्द वाजेल तिथं खडूनं खूण करायची, आणि ही खूण तुमच्यासमोर झाली पाहिजे.

नवा पत्रा 20 गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, जस्त न चढवलेला) घ्या. जीआय (जस्त चढवलेला पत्रा) टिकतो असं कोणी सांगेल, पण वेल्डिंगला जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की ताप भरतो. सातारा एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्याकडून नाल्या पाडून आणलात तर पत्रा दबत नाही. वेल्डिंग सीओटूनंच (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणातलं विजेचं वेल्डिंग), तेही टाके-टाके, जागा बदलत. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेनं एवढा पातळ पत्रा वाकतो. बॅटरी काढा, ईसीएमचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) कनेक्टर काढा, फ्लोअरखालून जाणारे पेट्रोल आणि ब्रेकचे पाइप बाजूला करून घ्या. पाण्याची बादली हाताशी असू द्या, आतला फेल्ट आणि डांबराचे पॅड भसकन पेटतात.

सिल कापायची वेळ आली तर आधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी टाके मारून घ्यायला सांगा. नाहीतर बॉडी बसते आणि मग दार लागत नाही.

जोडांवर दोन्ही बाजूंनी सीलंट, मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर अंडरकोट. सिलच्या पोकळीत मेणाचा स्प्रे. डांबर गंजावर कधीच नको. आणि सीलंट लावण्याआधी नुसत्या वेल्डिंगचे फोटो काढा, बिलापेक्षा ते कामाला येतात.

पण हे सगळं करण्याआधी पाणी येतंय कुठून ते शोधा, नाहीतर नवा पत्राही सडणार. एकजण टॉर्च घेऊन आत बसवा, दुसऱ्यानं खालून वर पाइपनं पाणी सोडत जावं: आधी दाराचा तळ, शेवटी काच. माझा संशय पुढच्या काचेच्या रबरावर, नाहीतर दाराच्या तळाच्या बुजलेल्या भोकांवर. एसीचा पाइप सहसा डाव्या बाजूला गळतो, म्हणून तुमच्याकडं तो नसावा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत गाडीखालचा लांब चॅनेल आणि जॅक लावायची जागा दिसत नाही. तिथंही स्क्रूड्रायव्हर घुसत असेल तर खर्चाचं गणितच बदलतं, गाडी ठेवायची का, हा प्रश्न येतो. ते तपासल्याशिवाय डेंटरला ॲडव्हान्स देऊ नका.